पावसात रोज सकाळी आयसोलेशन फॉल्ट : अर्थिंग काढू नका, जागा शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही कळेल. चिपळूणजवळ पत्र्याच्या शेडवर ३.३ किलोवॉटची सोलर साइट. ५५० वॉटची ६ पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकापाठोपाठ जोडलेल्या साखळीत), ट्रान्सफॉर्मर नसलेला सिंगल फेज इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसीचा एसी करून ग्रिडला देणारा). उन्हाळ्यात बसवली, पाऊस लागेपर्यंत काही तक्रार नव्हती. आता रोज सकाळी ‘पीव्ही आयसोलेशन लो’ (पॅनलच्या लाइनमधून अर्थकडे करंट गळतोय अशी सूचना) येतं, इन्व्हर्टर बंद राहतो, उघडीप पडली की दहा-अकराच्या सुमारास आपोआप चालू होतं, आणि झड लागली की दिवसभर बंद. टीममधले जुने फिटर म्हणतात इन्व्हर्टरची अर्थ वायर काढून टाक, फॉल्ट जाईल. डीलर म्हणतो इन्व्हर्टर बदल. तिसऱ्याने मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा नवा खड्डा करायला सांगितलंय. यातलं कोणाचं ऐकायचं?

तिघांचंही नको. तुमचा खरा प्रश्न ‘फॉल्ट कसा घालवू’ हा नाहीच. सहा पॅनल आणि दोन केबलींच्या या साखळीत नेमक्या कुठल्या जागेवरून करंट ओल्या लोखंडात झिरपतोय, हा आहे. ती जागा साध्या मल्टिमीटरने, सकाळच्या अर्ध्या तासात, बहुतेक वेळा एका जॉइंटपर्यंत सापडते. इन्व्हर्टर त्याचं काम बरोबर करतोय, असं तूर्त धरून चाला.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच. हा इन्व्हर्टर ग्रिडला जोडण्याआधी दर वेळी प्लस आणि मायनस या दोन्ही डीसी लाइन आणि त्याचा स्वतःचा अर्थ टर्मिनल यांच्यातला रोध मोजतो. पॅनलची फ्रेम, स्ट्रक्चर आणि इन्व्हर्टरचा अर्थ एकाच वायरीने जोडलेले असतात, म्हणून फ्रेमकडे झिरपणारा करंट त्याला दिसतो. ती वायर काढली की त्याला काही दिसत नाही, एवढंच होतं. गळती जागच्या जागी राहते. वर ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे इन्व्हर्टर चालू असताना डीसी बाजू आतून मेन्सशी जोडलेली असते. म्हणजे अर्थ काढलेली फ्रेम, तिचे पर्लिन (आडव्या लोखंडी पट्ट्या) आणि स्क्रूने त्याला जोडलेला अख्खा पत्रा जमिनीच्या तुलनेत शे-दीडशे व्होल्टवर जाऊ शकतो. पावसात त्या पत्र्याची पन्हळ साफ करायला कोणी लोखंडी शिडी लावली तर सर्किट त्या माणसातून पुरं होतं. इन्व्हर्टरमध्ये गळतीवर नजर ठेवणारं आणखी एक सर्किट असतं, ते अचानक ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ०.३ सेकंदात बंद करतं. पण ती दुसरी फळी आहे. पहिली फळी हाताने काढून दुसरीच्या भरवशावर घरातल्या माणसांना सोडायचं, हे आपल्या धंद्यात कुणीच करता कामा नये. कोणी आधीच वायर काढली असेल तर एसी आणि डीसी दोन्ही बंद करा, फ्रेमला हात लावण्याआधी फ्रेम ते अर्थ व्होल्टेज बघा, आणि वायर परत जोडा.

नव्या खड्ड्याचा सल्ला घातक नाही, फक्त फुकटचा खर्च आहे. कोकणात जांभ्यात खड्ड्याचा रोध कमी येत नाही हे खरं, आणि वीज पडण्याच्या दृष्टीने तो कमी हवाच. पण आयसोलेशनचं मोजमाप किलोओहम-मेगाओहममध्ये चालतं आणि ते होतं स्ट्रिंग ते अर्थ वायर यांच्यात. खड्डा ५ ओहमचा असो की ५० चा, या आकड्यात तसूभर फरक पडत नाही.

आता किती रोध असायला हवा? हे पॅनलच्या संख्येवर अवलंबून आहे, आणि इथेच बरेच जण गोंधळतात. पॅनलच्या आयईसी ६१२१५ (आयईसी म्हणजे विजेच्या साधनांची आंतरराष्ट्रीय मानकं) चाचणीत ओल्या अवस्थेतला रोध गुणिले क्षेत्रफळ हे किमान ४० मेगाओहम-चौरस मीटर भरावं लागतं. ५५० वॉटच्या पॅनलचं क्षेत्रफळ साधारण २.५८ चौरस मीटर, म्हणजे एका पॅनलला किमान साडेपंधरा मेगाओहम. सहा पॅनल गळतीच्या हिशेबात समांतर येतात, म्हणून भिजून चिंब झालेल्या तुमच्या स्ट्रिंगचा रोध निदान अडीच मेगाओहम असायला हवा. उलट इन्व्हर्टरला नियमाने लागतो तो फार कमी. आयईसी ६२१०९ चा हिशेब कमाल डीसी व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर असा आहे, ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला २० किलोओहम. कंपन्या मर्यादा सहसा याहून बरीच वर ठेवतात, तुमच्या मॉडेलची मॅन्युअलमध्ये मिळेल. पण ती कितीही असली तरी किलोओहमात उतरलेला रोध हा ‘हवा दमट आहे हो’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सहा पॅनलच्या साइटवर कुठेतरी उघडं तांबं पाण्याला लागलंय.

हाच फॉल्ट ५० किलोवॉटच्या साइटवर आला तर मी वेगळा विचार करतो. तिथे ९० पॅनल एकाच इन्व्हर्टरवर, साडेपंधरा भागिले ९० म्हणजे पावणेदोनशे किलोओहम. सगळी पॅनल शाबूत असूनही पहाटेच्या दवात मर्यादेच्या जवळ जाऊ शकतात, आणि कंपनीला विचारून मर्यादा थोडी खाली आणणं तिथे रास्त ठरू शकतं. तुमच्याकडे ती सेटिंग उघडूही नका.

मोजायला कधी जायचं? फॉल्ट स्क्रीनवर असताना, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान. दुपारी सगळं सुकल्यावर मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून ‘ओके’ लिहून येणारे खूप आहेत, त्या ‘ओके’ला काही अर्थ नाही. ऊन कमी असलं तरी चालतं, कारण करंट उजेडाच्या प्रमाणात पडतो पण ओपन सर्किट व्होल्टेज ढगाळ सकाळीही बरंचसं भरतं.

आधी एसीचा एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी बाजूचा स्विच) बंद. क्लॅम्प मीटरने डीसी करंट शून्य असल्याची खात्री करा. एमसी-फोर (पॅनलच्या केबली जोडणारा प्लगसारखा कनेक्टर) चालू करंटवर कधीच ओढायचा नाही, डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं थांबा, मग इन्व्हर्टरखालचे प्लस-मायनस प्लग काढा. रबरी हातमोजे, चपलेऐवजी कोरडे बूट, आणि मीटर किमान ६०० व्होल्ट कॅट थ्री या सुरक्षा श्रेणीचा. भर पावसात पत्र्यावर चढायची गरज नाही. हे सगळं मोजमाप खाली डीसीडीबीपाशीच (स्ट्रिंगच्या केबली जिथे उतरतात त्या पेटीपाशी) होतं.

डीसीडीबीमधल्या एसपीडीच्या (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या साधनाच्या) काडतुसांपासून सुरुवात करा. ती स्ट्रिंग आणि अर्थ यांच्यामध्येच बसलेली असतात, त्यामुळे थकलेला एसपीडी हुबेहूब असाच फॉल्ट देतो. खिडकी हिरवी दिसली म्हणून तो चांगला असं नाही. काडतुसं बाहेर ओढण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा पुढची मापं घ्या. नंतरची मापं एकदम सुधारली तर चोर तिथेच सापडला, वर चढायचं कामच नाही.

मापं तीन आहेत. प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ. तिन्ही लागोपाठ, कारण ढग सरकला की आकडे बदलतात. अर्थसाठी स्ट्रक्चरकडून आलेली वायर धरा. स्ट्रिंग निरोगी असेल तर अर्थची दोन्ही मापं काही व्होल्ट दाखवून खाली घसरत जातात, एका आकड्यावर टिकत नाहीत. गळती असेल तर दोन्ही टिकतात आणि त्यांची बेरीज प्लस-मायनसच्या आकड्याच्या जवळ जाते.

समजा प्लस-मायनस २८८ व्होल्ट आले, म्हणजे प्रत्येक पॅनलचे ४८. प्लस ते अर्थ ९१ आणि मायनस ते अर्थ १८३ (वजा चिन्ह सोडून द्या). बेरीज २७४. आता ९१ भागिले २७४, गुणिले ६ पॅनल, उत्तर जवळजवळ २. म्हणजे प्लसच्या टोकापासून मोजत गेलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलमधला जॉइंट. पत्र्यावर चढणाऱ्याने बरोबर तिथेच हात घालायचा.

याच तीन आकड्यांतून गळतीचा रोधही निघतो. बहुतेक डिजिटल मीटरचा डीसी व्होल्टवरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. २८८ भागिले २७४, त्यातून १ वजा, गुणिले १०, म्हणजे साधारण अर्धा मेगाओहम. बेरीज जितकी पूर्ण आकड्याच्या जवळ तितकी गळती मोठी. बेरीज कमी भरली तरी जागेचं गणित चुकत नाही, कारण दोन्ही मापं सारख्याच प्रमाणात खाली येतात. म्हणून भागाकार बेरजेने करायचा, २८८ ने नाही.

आकडा वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. उत्तर शून्याच्या किंवा सहाच्या जवळ आलं तर दोष टोकाला आहे. म्हणजे पहिल्या किंवा शेवटच्या पॅनलला तुम्ही साइटवर क्रिम्प करून (तारेवर पिन दाबून बसवून) जोडलेला एमसी-फोर, तिथून खाली येणारी केबल, किंवा डीसीडीबी. उत्तर २.३ किंवा ३.६ असं अधलंमधलं आलं तर दोष त्या पॅनलच्या आत, म्हणजे जंक्शन बॉक्स, मागच्या शीटवरचा ओरखडा किंवा तडकलेली काच. आणि उत्तर बरोबर ३ आलं तर घाई नको. मधल्या जॉइंटवर दोष असू शकतो, पण दोन्ही टोकांना सारखी गळती असली किंवा सगळीच पॅनल थोडी थोडी गळत असली तरी उत्तर तेच येतं. अशा वेळी पाऊस थांबल्यावर मधला जॉइंट उघडून तीन-तीनचे दोन तुकडे करा आणि प्रत्येकावर हीच मापं घ्या.

आकडे कळवले नाहीत म्हणून नेमकं सांगता येत नाही, पण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय टोकाच्या दोन जॉइंटवर आहे. सहा पॅनलच्या स्ट्रिंगमध्ये पॅनल-पॅनलमधले पाच जॉइंट कारखान्यात क्रिम्प केलेल्या टोकांचे असतात, ते क्वचित दगा देतात. उरलेले दोन आपण उन्हात उकिडवं बसून केलेले असतात. त्यात पॅनलवरचा कनेक्टर एका कंपनीचा आणि बाजारातून आणलेला दुसऱ्या कंपनीचा, ही जोडी सर्रास दिसते. दोन्हींवर ‘एमसी-फोर कम्पॅटिबल’ लिहिलेलं असतं, क्लिक आवाजही येतो. पण रबरी रिंगची जाडी आणि ती बसायची खाच यात थोडासा फरक असला तरी कडा पूर्ण दबत नाही. उन्हाळाभर काही कळत नाही. पहिल्या पावसात केशिका क्रियेने पाणी आत ओढलं जातं. दुसरा नेहमीचा दोष मागच्या नटाचा. तो हाताने फिरवून सोडलेला असतो, आतलं सील केबलला आवळत नाही आणि केबलवरून ओघळलेलं पाणी सरळ मेटल पिनपर्यंत जातं. कनेक्टर पत्र्याच्या नळीत पडलेला असेल तर मग बोलायलाच नको, तिथे पाणी वाहतंच. धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी ६७ हे रेटिंग योग्य जोडीला आणि पूर्ण आवळलेल्या नटाला आहे, नुसत्या कनेक्टरला नाही.

सकाळी फॉल्ट आणि उन्हात बरं, ही चालही त्याच दिशेने बोट दाखवते. पृष्ठभागावरची ओल उडाली की वाट तुटते. केबल सोलली जाऊन तांबं सरळ लोखंडाला टेकलं असतं तर मे महिन्यातही फॉल्ट आलाच असता. झडीत दिवसभर आणि पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी तसाच राहतो, असं असेल तर पाइपमध्ये साचलेलं पाणी बघा. पीव्हीसी पाइप वरून खाली येतो, खाली एल्बो लावून वर डीसीडीबीत घुसवलेला असतो, आणि तो एल्बो भरून राहतो. त्यात केबल ओढताना ओरखडली असेल, किंवा सोलर केबलऐवजी घरगुती वायरिंगची वायर वापरली असेल, तर गळती होणारच. पाइपच्या सर्वांत खालच्या जागी ६ मिलिमीटरचं भोक पाडा, आधी केबल बाजूला सरकवून. पहिल्या भोकातून पेलाभर पाणी निघणं काही विशेष नाही.

वर गेल्यावर त्या जॉइंटसोबत आणखी काय बघायचं? फ्रेम आणि पर्लिनच्या मध्ये चेपलेली केबल. सी-चॅनलच्या कापलेल्या धारेवरून गेलेली केबल, वाऱ्याने हलून हलून तिचं वरचं आवरण कापलं जातं. खारीने किंवा उंदराने कुरतडलेली जागा, नारळ-आंब्याच्या फांद्या पत्र्यावर टेकत असतील तर हमखास. समुद्राजवळच्या गावात कनेक्टरवर बसलेला पांढरट थर, मीठ आणि ओल मिळून तो थरच वीज वाहून नेतो. डीसीडीबीत केबल वरच्या बाजूने घुसवली आहे का तेही बघा. ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथलं आवळणारं सील) नेहमी खालून हवी.

दुरुस्ती कशी करू नये ते आधी. कनेक्टरवर काळी टेप गुंडाळली तर पाणी आत कोंडतं, बाहेर राहत नाही. सिलिकॉन भरला तर व्हिनेगरसारखा वास येणारा साधा सिलिकॉन तांब्याला गंज चढवतो. एम-सीलने पुढच्या माणसाला जॉइंट उघडताच येत नाही.

योग्य रीत म्हणजे आपल्या बाजूचा कनेक्टर कापून पॅनलवर ज्या कंपनीचा आहे त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा लावायचा. पॅनलच्या लीडवरचा कनेक्टर मात्र कंपनीला विचारल्याशिवाय कापू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो. केबलचं टोक हिरवं-काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, ओल तारांमधून बरीच आत गेलेली असते. साधारण ७ मिलिमीटर सोला, एकही तार तुटू देऊ नका. ४ चौरस मिलिमीटरच्या साच्याच्या क्रिम्पिंग टूलने दाबा, पक्कडीने नाही. पिन क्लिक होईपर्यंत आत ढकला आणि हलकेच ओढून बघा. नट दोन पान्यांनी कंपनीने दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. हे सगळं कोरड्या हवेत करा, आणि जोडायच्या आधी पॅनलकडच्या अर्ध्या भागातही पिन हिरवी झालेली नाही ना ते बघा. झाली असेल तर त्याला नवा कनेक्टर लावूनच गत्यंतर आहे, तेव्हा फोटो काढून पॅनल कंपनीला पाठवा. शेवटी जॉइंट फ्रेमखाली स्टीलच्या क्लिपने किंवा उन्हात न तडकणाऱ्या टायने उचलून बांधा आणि दोन्ही बाजूंना केबल थोडी खाली झुकू द्या, म्हणजे पाणी जॉइंटकडे न येता खालच्या वळणावरून टपकेल.

मग मेगर. इन्व्हर्टर सुटा, एसपीडीची काडतुसं बाहेर, दोन्ही विसरला तर त्यांचंच नुकसान होईल. तुमची स्ट्रिंग १२० ते ५०० व्होल्टच्या गटात येते, म्हणून ५०० व्होल्टवर आधी मायनस ते अर्थ, मग प्लस ते अर्थ. किमान १ मेगाओहम हवा असं आयईसी ६२४४६ म्हणतं, पण वरच्या हिशेबाने तुमच्या सहा पॅनलला ओल्यातही अडीचच्या वर यायला हवा, आणि मी त्याच्या खाली साइट सोडत नाही. कोरड्यात घेतलेल्या मापावर थांबू नका. एकाने फवारणीच्या पंपाने दुरुस्त केलेल्या जॉइंटवर आणि बाकीच्या कनेक्टरवर पाणी मारायचं, मारून खाली उतरायचं, मग खालच्याने मेगर लावायचा. मेगर चालू असताना वर कोणी नको.

डीलरच्या सल्ल्याचं काय? स्ट्रिंगची अर्थची मापं घसरून शून्याकडे जातात, ओल्यात मेगर अडीचच्या वर येतो आणि तरीही इन्व्हर्टर फॉल्ट दाखवतो, असं तिन्ही एकत्र झालं तरच इन्व्हर्टरवर संशय घ्या. तेव्हा हे आकडे लिहूनच क्लेम टाका. आकड्यांशिवाय बदललेला इन्व्हर्टर दुसऱ्या सकाळी तोच फॉल्ट दाखवतो, आणि कंपनीही पुढच्या क्लेमला तुमचं ऐकत नाही.

ग्राहकाला सरळ सांगा की कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, दुरुस्ती आपल्याकडे आहे. साइट पीएम सूर्यघर योजनेतली असेल तर पाच वर्षांची देखभाल तशीही व्हेंडरच्याच अंगावर आहे. पॅनलची फ्रेम आणि पत्रा यांना दुरुस्ती होईपर्यंत घरच्यांनी हात लावू नये, हेही सांगा. त्याच मोसमात, त्याच पाकिटातले कनेक्टर वापरून केलेल्या तुमच्या बाकीच्या साइटही फिरून बघा. तिथे फॉल्ट दिसत नाही याचं कारण कधी कधी एवढंच असतं की मिड-क्लॅम्पखाली (दोन पॅनलमधल्या पकडीखाली) फ्रेमचा अॅनोडाइज्ड थर फोडणारा वॉशर नाही, फ्रेम अर्थला नीट जोडलेलीच नाही, आणि इन्व्हर्टरला गळती दिसत नाही. फ्रेम ते अर्थ बार कंटिन्युइटी (जोडणी सलग आहे का याचं माप) घ्या, एक ओहमच्या आत यायला हवी.

उद्या सकाळी तिन्ही मापं, एसपीडीसह आणि एसपीडीविना, मोजल्याची वेळ आणि मीटरचं मॉडेल इथे टाका. कोणत्या पॅनलपाशी हात घालायचा ते त्यावरून सांगतो.